ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू होऊन राहिली? आधी एक दोनशेपानी वही घ्या

माझ्या भाचीच्या सासूबाईंना मागच्या महिन्यात गाठ निघाली आणि तेव्हापासून माझा फोन थांबतच नाही. मावशी, केमोत नेमकं काय होते? शेक (म्हणजे रेडिएशन) दिला तर कातडी जळते का हो? तुम्हाला सोळा केमो होत्या तर आईंना आठच का सांगितल्या? म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकते, ज्याला लागेल तो वाचेल.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. २०२२ च्या मार्चमध्ये माझ्या डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा मी ४६ वर्षांची होते, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं नागपुरातच झालं आणि हार्मोनची गोळी अजून सुरू आहे. वेटिंगच्या बाकड्यावर जेवढे तास बसले तेवढे तर मी बीएडच्या वर्गातही बसले नसेन. त्यामुळे खाली जे आहे ते थोडं माझं, थोडं डॉक्टरांनी सांगितलेलं आणि बरंचसं त्या बाकड्यावरच्या बायांचं.

वही

मोबाईलमध्ये नोट्स ठेवता येतात हे मलाही माहीत आहे, पण रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नवरा गाडी लावायला गेलेला, आणि ड्युटीवरचा पोरगेला डॉक्टर विचारतो शेवटची केमो कधी झाली, कोणतं औषध होतं, कशाची ॲलर्जी आहे का. वही पुढे करायची. पहिल्या पानावर नाव, वय, ब्लड ग्रुप, बीपी-शुगरच्या गोळ्या, ॲलर्जी, आणि रात्री खरंच उचलला जातो असा हॉस्पिटलचा एक नंबर (ओपीडीचा नको, तो चारनंतर कोणी उचलत नाही). पुढून रोजची नोंद, मागून प्रश्न. डॉक्टरसमोर बसलं की डोकं कोरं होतं, आणि ओपीडीत गर्दी एवढी असते की तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात, त्यात "बाकी ठीक आहे" म्हणून आपण उठून येतो आणि ऑटोत बसल्यावर आठवतं की पायाला मुंग्या येऊन राहिल्या हे सांगायचंच राहून गेलं.

गाठ काढायची घाई नको, आधी सुईची तपासणी

गाठ लागली की मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि मग बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. इथे माझी एक तक्रार आहे. मी आधी घराजवळच्या एका सर्जनकडे गेले तर ते म्हणाले छोटीशी तर गाठ आहे, उद्या उपाशीपोटी या, काढून टाकू. मी जाणारही होते, मोठ्या बहिणीने अडवलं. नंतर बाकड्यावर मला दोघीजणी भेटल्या ज्यांची गाठ अशीच न तपासता काढली होती, मग ती केवढी होती, कडा साफ निघाल्या की नाही, काखेत काही होतं का, कशाचा पत्ता नाही, आणि दोघींचं ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो असं कोणी ना कोणी सांगेलच. पसरत नाही. कॅन्सर आहे की नाही आणि आहे तर कोणत्या जातीचा, हे सुईच सांगते आणि पुढची सगळी ट्रीटमेंट त्यावर ठरते.

जात कळते ती आयएचसी नावाच्या रिपोर्टवरून. त्यात तीन गोष्टी बघायच्या: ईआर, पीआर आणि हर-टू. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठीला बायकांच्या हार्मोनवर खाद्य मिळतं, मग तुम्हाला पुढे पाच ते दहा वर्षं हार्मोनची गोळी. हर-टू तीन प्लस असेल तर त्यासाठी वेगळं इंजेक्शन आहे, दोन प्लस आलं तर ते अर्धवट उत्तर, फिश नावाची अजून एक टेस्ट करून पक्कं करतात. तिन्ही निगेटिव्ह तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, त्यात गोळीचा उपयोग नसतो, केमोवर भर असतो. म्हणून शेजारणीला सोळा आणि तुम्हाला आठ, तिला गोळी आणि तुम्हाला इंजेक्शन, कोणाचं आधी ऑपरेशन तर कोणाची आधी केमो. गाठ मोठी असली, काखेत गेलेली असली, किंवा हर-टूवाली नाहीतर ट्रिपल निगेटिव्ह असली तर बरेचदा आधी केमो देऊन गाठ आकसवतात, आणि ती पार विरघळली तरी जागा सापडावी म्हणून आत एक बारीकशी क्लिप ठेवतात. बाकड्यावर बसून एकमेकींच्या फाइली जुळवत बसू नका, मी तीन आठवडे तेच केलं आणि झोप घालवली.

आणि ग्रेड वेगळा, स्टेज वेगळी. आमच्यासोबत गोंदियाकडची एक ताई होती, रिपोर्टवर ग्रेड ३ वाचून ती संध्याकाळभर रडली, तिला वाटलं तिसरी स्टेज. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रस्ताळ्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला ते. तिची स्टेज दुसरी होती.

रिपोर्टचे कागद तर जपाच, पण बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड पण मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असलं तर तिथल्या लॅबला तो लागतो, नाहीतर परत सुई.

मुंबईलाच जायला पाहिजे का?

घरात पहिली मीटिंग याच्यावरच होते. कोणाचा तरी साळा मुंबईला असतो आणि तो म्हणतो टाटालाच आणा. अवश्य जा, एकदा मत घेऊन या, पण ब्रेस्ट कॅन्सरची नेहमीची ट्रीटमेंट नागपुरात होते. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आहे, मानेवाडा रोडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे. टाटावाल्यांनीच देशभरातल्या कॅन्सर सेंटरांचं एक जाळं बांधलंय, नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणतात त्याला, उपचाराची पद्धत सगळीकडे सारखी राहावी म्हणून. सहा-आठ महिने चालणारं काम आहे हे, त्यात घर जवळ असणं, आपल्या हातचा वरण-भात असणं याची किंमत दुसऱ्या केमोनंतर कळते. मुंबईला जायचंच असेल तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. जामठ्याला जायला मेट्रो खापरीपर्यंत, पुढे ऑटो.

पैशाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजना, आमच्याकडे अजून सगळे जीवनदायीच म्हणतात. आता रेशन कार्ड पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती कॅशलेस आहे, आधी स्वतः खर्च करून मागून बिल लावायची नाही, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा आणि विचारा की माझ्या ट्रीटमेंटचं कोणतं पॅकेज त्यात बसतं, मंजुरीला किती दिवस लागतील. आपल्या बायांचा घोळ नावात होतो. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आणि बँकेत तिसरंच. माझे चार दिवस त्यात गेले. बायोप्सीचा रिपोर्ट यायचा असतो त्या आठवड्यात हे काम उरकून घ्या, तसंही त्या आठवड्यात घरी बसून जीव खातच असता.

ऑपरेशन

दोन प्रकार. एक, पूर्ण स्तन काढणं. दुसरा, फक्त गाठ आणि आजूबाजूचं थोडं काढून स्तन वाचवणं, मग त्यावर रेडिएशन घ्यावंच लागतं. आमच्या आत्याबाई म्हणाल्या, काढून टाक सगळं, ठेवून धोका कशाला. हे वीस-वीस वर्षं मागे लागून तपासून झालंय की ज्यांच्या गाठीला दुसरा प्रकार चालतो त्यांच्यात जगण्याच्या हिशोबाने दोन्ही सारखेच. गाठ किती मोठी, स्तन केवढा, गाठी एकापेक्षा जास्त जागी आहेत का यावर डॉक्टर सांगतात काय जमेल ते. जमत असेल तर निवड तुमची आहे, आत्याबाईंची नाही.

काखेतल्या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, त्यांचंही विचारा. काखेत आधीच काही लागत नसेल तर निळा रंग किंवा तसलं औषध टोचून पहिल्या दोन-चार नोड शोधून तेवढ्याच काढतात, त्या साफ निघाल्या तर बाकीची काख तशीच ठेवतात. जेवढी काख कमी उकरली तेवढा पुढे हात सुजायचा त्रास कमी.

घरी आलात की जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी सोबत असते, खाली बाटली. रोज एकाच वेळी किती पाणी जमलं ते वहीत लिहायचं, दिवसाचं ३० मिलीच्या आत आलं की साधारण नळी काढतात. माझ्या सासूबाईंनी जुन्या पेटीकोटच्या कापडाची नाडीवाली पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवून त्यात बाटली ठेवायची, दोन्ही हात मोकळे. आठवड्याभरात मी स्वतःचा चहा स्वतः करत होते.

हाताचा व्यायाम मात्र डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, दुखतं म्हणून टाळू नका, नाहीतर खांदा आखडतो आणि मग रेडिएशनच्या टेबलावर हात वर करून झोपता येत नाही. भिंतीवर बोटांनी चढत जायचं. मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा केल्या, पोरांची उंची मोजायचो त्याच चौकटीवर, आणि पोरगा येताजाता म्हणायचा, आई आज तिसरीतली झाली.

त्या बाजूच्या हाताला जन्मभर थोडं सांभाळावं लागतं. घट्ट बांगड्या, घट्ट बाहीचं ब्लाउज, पाण्याने भरलेली बादली सुरुवातीला नको. फोडणीचं तेल उडालं, डास चावला, नख लागलं तर लगेच साबणाने धुवायचं. रक्त काढायला आणि बीपीला दुसरा हात द्यायचा. हात जड वाटायला लागला, अंगठीचा वळ पडायला लागला तर तेव्हाच दाखवा, सुरुवातीच्या सुजेला पट्टी, मसाज आणि दाब देणारी खास बाही असते, जुन्या सुजेचं अवघड जातं. हात लाल, गरम आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

केमो

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यांना भीती याचीच असते.

माझा प्लॅन होता आधी चार लाल, मग बारा पांढऱ्या. लाल म्हणजे ॲड्रियामायसिन, ते दिसायलाच रुह अफजासारखं असतं (त्यानंतर मी रुह अफजा प्यायलेली नाही), त्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड, दर तीन आठवड्यांनी एक. मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते रक्त नाही, मला कोणी आधी सांगितलं नव्हतं आणि मी बाथरूममध्ये किंचाळले.

सुरू व्हायच्या आधीची कामं: हृदयाची टूडी इको, कारण हे लाल औषध हृदयावर ताण देऊ शकतं. दात दाखवून घ्या, किडलेला दात केमोच्या मध्ये काढता येत नाही धड. वय कमी असेल आणि मूल हवं असेल तर केमोच्या आधीच बोला, बीजांड गोठवून ठेवायचा मार्ग आहे पण केमो सुरू झाल्यावर त्याला उशीर होतो. आणि पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या आपल्याला चालत नाहीत, निरोध किंवा कॉपर-टीचं विचारा. हा विषय कोणी काढत नाही म्हणून मी काढला. शिरा बारीक असतील तर पोर्ट बसवायचं विचारा, छातीत कातडीखाली एक डबी बसवतात, मग दर वेळी हातात सुई शोधायचा छळ नाही.

केमोच्या दिवशी सैल बाह्यांचा कुर्ता, आणि मे महिना असला तरी शाल, कारण आत एसी हिमालयासारखा. हलकं खाऊन जा, उपाशी नको. सुई लावलेल्या जागी जळजळलं, फुगलं, टोचलं तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा, लाल औषध शिरेच्या बाहेर गेलं तर कातडी खराब करतं, इथे भिडस्तपणा अजिबात नको. पांढऱ्याच्या वेळी श्वास जड झाला, छाती आवळली, तोंड लाल झालं तरी तेच.

आता तीन आठवड्यांचं गणित. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या बाजूला लिहून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस स्टिरॉइडमुळे झोप येत नाही, मी रात्री दोनला कपाट आवरत बसायचे. मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माणूस एकदम खाली बसतो, अंगात जीव नाही, तोंडाला चव नाही. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी, हे जपायचे दिवस. तिसरा आठवडा आपला. त्यात मी बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन खरेदीसुद्धा केली, मास्क लावून.

*ताप.* बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. थर्मामीटरवर १००.४ किंवा वर दिसलं की हॉस्पिटल, रात्र असो, रविवार असो, दिवाळी असो. पांढऱ्या पेशी नसताना शरीराला लढायला काही नसतं, इन्फेक्शन काही तासांत अंगभर जातं. आधी क्रोसिन घेऊन बघू असं करू नका, ताप दबतो आणि आतलं चालूच राहतं. माझा पहिला ताप दुसऱ्या लालच्या दहाव्या दिवशी, रात्री साडेअकरा, १००.८. सासूबाई म्हणाल्या उन्हाचं असेल गं, सकाळी बघू, बाहेर दिवसभर ४५ होतं, सगळं नागपूरच तापलेलं. नवऱ्याने गाडी काढली. तपासलं तर पेशी जवळजवळ नव्हत्याच, लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक, पाच दिवस ॲडमिट. आपल्या इथे उन्हाळ्यात अंग नेहमीच गरम लागतं म्हणून कपाळाला हात लावून ठरवायचंच नाही, डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्या आठवड्यात दिवसातून दोनदा वहीत आकडा लिहा. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप दिसत नसला तरी जा. यवतमाळ, बैतूल, बालाघाटकडून येणाऱ्यांनी त्या सात दिवसांत नातेवाईकाकडे नागपूरला थांबता आलं तर बघा, नाहीतर आपल्या तालुक्याला रात्री सलाईन लावणारं हॉस्पिटल कोणतं ते आधी शोधून डॉक्टरची चिठ्ठी वहीत ठेवा.

पेशी वाढवायचं एक इंजेक्शन असतं, केमोच्या दुसऱ्या दिवशी साधारण चोवीस तासांनी. त्याने कंबर आणि हाडं ठणकतात, घाबरू नका, पण दुखण्यावर कोणती गोळी घ्यायची ते विचारून ठेवा. रक्तात पेशी कमी आल्या म्हणून केमो आठवडाभर पुढे गेली तर तुमचं काही चुकलं असं नाही, पपईच्या पानांचा रस पिऊन काउंट रेटायच्या मागे लागू नका. गुळवेलही नको, तिने लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत, आणि केमोत लिव्हर आधीच काम करून थकलेलं असतं. जो कोणी पुडी आणून देईल त्याला सांगा डॉक्टरना दाखवून घेते.

*उलटी.* आता चांगल्या गोळ्या आहेत, पण त्या उलटी व्हायच्या आधी घ्यायच्या, लिहून दिलेल्या वेळेला. बरं वाटून राहिलं म्हणून एक गोळी वाचवली की रात्री भोगावं लागतं. दिवसभरात काहीच पोटात राहत नसेल, पाणीसुद्धा, तर फोन करा. त्याच गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यासाठी पहिल्या दिवसापासूनच पाणी आणि रेचक विचारून घ्या, चार दिवस थांबून मूळव्याध करून घेऊ नका. माझं तर उलटीपेक्षा ह्याच्यातच रडणं जास्त झालं.

*तोंड येणं.* मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ, बेबी ब्रश. तर्री पोहा, सावजी हे सगळं बंद, आणि नागपूरकरांना सांगायला वाईट वाटतं पण संत्रंसुद्धा. भेटायला येणारा प्रत्येक माणूस पिशवीभर संत्री घेऊन यायचा आणि तोंडात फोडं असताना एक फोड म्हणजे जणू भिवापुरी मिरची. तोंड बरं असताना खुशाल खा, धुऊन आणि सोलून. खायला माझं काय चाललं ते सांगते: पातळ मुगाची खिचडी तूप घालून, दहीभात ताज्या दह्याचा, उकडलेलं अंडं पूर्ण शिजलेलं, शिजवलेली मटकी, गार झालेली ज्वारीची पेज. गरम अन्नाचा वास सहन होत नाही, गार खा. बाहेरचा ऊसाचा रस, चटणी, कापून ठेवलेलं टरबूज नाही. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं व्हॉट्सॲपवर फिरतं, तसं काही नसतं, शुगर नसेल तर दोन घास शिरा खाल्ल्याने काही होत नाही, वजन घटणं जास्त वाईट.

उन्हाळ्यात केमो असेल तर कूलर! टाकीतलं पाणी दोन दिवसांनी बदला, खस नवीन लावा, शेवाळलेल्या कूलरची हवा तोंडावर घेऊन झोपू नका. डास होतात ते वेगळंच.

*केस.* पहिल्या लालनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत जातात, उशीवर, न्हाणीत, वरणात. मी आधीच बारीक कापून घेतले, धक्का थोडा कमी बसला, एवढंच. भुवया पांढऱ्याच्या वेळी गेल्या. लोक काय म्हणतील याची काळजी होती पण आपल्या गावात मार्च ते जून सगळ्याच पोरी-बाया डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळून गाडी चालवतात, मी चार महिने तशीच फिरले, कॉलनीत निम्म्या लोकांना कळलंच नाही. केमो संपल्यावर दीड-दोन महिन्यांत भुरभुर यायला लागले, माझे कुरळे आले, आधी सरळ होते.

*मुंग्या.* पांढऱ्या औषधाने हातापायाच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा. औषध चालू असताना आम्हाला हातापायाला बर्फाच्या थैल्या धरायला दिल्या, काही जणींना त्याने फायदा होतो. ब्लाउजचं हूक लावता येत नाही, पायातली चप्पल निसटली ते कळत नाही, असं झालं तर "सहन करते" म्हणू नका, डॉक्टर डोस कमी करू शकतात, आणि न सांगता वाढला तर तो पुढे वर्षानुवर्षं राहू शकतो. मी बाराव्या पांढऱ्यापर्यंत गप्प राहिले. अजून थंडीत अंगठे बधिर असतात.

केमोनंतर दोन दिवस संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, उलटीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा. बाकी एका ताटात जेवलं, जवळ झोपलं, नातवाला मांडीवर घेतलं तर काही होत नाही. आमच्या ओळखीत एका बाईचं ताट-वाटी वेगळं केलं होतं घरच्यांनी, त्यांना मी फोनवर चांगलं सुनावलं.

शेक, सिकाई, लाईट, जे म्हणाल ते

रेडिएशन म्हणजे एक्स-रेसारखंच, दिसत नाही, लागत नाही, टेबलावर पाच-दहा मिनिटं. आधी पाच आठवडे चालायचं, आता बहुतेक जणींचं तीन आठवड्यांत १५ वेळा होतं, काही निवडक पेशंटांना आठवड्याभरात पाचच देतात. पहिल्या दिवशी अंगावर रेघा मारतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. डावी बाजू असेल तर हृदय दूर जावं म्हणून श्वास रोखून धरायला शिकवतात, मी घरी पोराच्या मोबाईलच्या घड्याळावर सराव केला. कातडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काळवंडते, स्तनाखालच्या घडीत आणि काखेत सोलू शकते, संपल्यावर आठवडाभर अजून वाढते आणि मग भरते. सुती सैल झंपर, ब्रा शक्यतो नको, साधं पाणी, टिपून कोरडं. हळद, चंदन, कोरफड, पावडर मनाने काही लावायचं नाही. थकवा येतो, तो झोपून जात नाही, उलट सकाळी सहाला अर्धा तास चालल्याने कमी होतो हे मला खरंच पटायला वेळ लागला.

गोळी आणि इंजेक्शन

पाळी चालू असणाऱ्यांना बहुतेक टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल. रोज एक, पाच वर्षं, काही जणींना दहा. गोळी छोटी आणि स्वस्त म्हणून लोक हलक्यात घेतात, पण ईआर पॉझिटिव्हवालीसाठी ही केमोइतकीच महत्त्वाची. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, २०२३ च्या मेमध्ये बाहेर ४४ आणि माझ्या आत वेगळाच विदर्भ. सुती कपडे, रात्री ओला नॅपकिन उशाशी, तिखट आणि चहा कमी. फारच झालं तर त्यावर गोळ्या आहेत, पण डिप्रेशनच्या काही गोळ्या, पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन, टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की वही दाखवा. एका पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक दम लागला तर लगेच धावा, रक्ताची गुठळी असू शकते. पाळी गेल्यानंतर परत रक्त दिसलं तर गायनॅकला दाखवा. लेट्रोझोलवाल्यांचे सांधे सकाळी आखडतात आणि हाडं पातळ होतात, हाडांची डेक्सा टेस्ट, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि चालणं. सहन होत नसेल तर गोळी बदलून मिळते. मनाने बंद करू नका.

हर-टूवाल्यांचं ट्रास्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी साधारण वर्षभर. केस जात नाहीत याने. दर तीन महिन्यांनी इको करायची. आधी ते फार महाग होतं, २०१४ पासून भारतात बनलेलं मिळायला लागलं, किंमत आणि योजनेत बसतं का ते दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

ट्रीटमेंट संपल्यावर

पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टर हाताने तपासतात, वर्षाला एकदा मॅमोग्राफी, दुसऱ्या बाजूची तर नक्कीच. त्रास काही नसताना दरवर्षी पेट स्कॅन (सगळ्या अंगाचा स्कॅन) करायची गरज नसते, कोणी आग्रह केला तर कशासाठी ते विचारा. मधल्या काळात टाक्यांजवळ किंवा काखेत नवी गाठ, दोन-तीन आठवडे न थांबणारा खोकला, एकाच जागी हाड दुखणं, डोकं सतत दुखणं, वजन घटणं, यातलं काही असलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मी आता फाइल घेऊन जाताना वहीचं शेवटचं पान उघडून प्रश्न वाचूनच दाखवते, डॉक्टर हसतात, पण उत्तर देतात. भाचीला मी तीच वही झेरॉक्स करून पाठवलीय, पहिलं पान कोरं ठेवून.